भाऊसाहेबांची पंगत

अंबाडीची आत्या ओट्यावरून पडली, तिच्या मांडीचं हाड मोडलं, आणि म्हणून दोन म्हातारे पोपट आमच्या घरी राहायला आले. पुढे आयुष्यात मी बऱ्याच जणांना बरंच काही शिकवायला गेलो. धाकट्या मेव्हण्याला स्कूटर शिकवली, तो अजून लंगडतो. नातवाला बुद्धिबळ शिकवलं, तो आता माझ्याशी खेळत नाही, कंटाळा येतो म्हणतो. पण या कारकिर्दीची सुरुवात त्या दोन पोपटांपासून झाली, आणि माझ्या उजव्या तर्जनीवर तिची खूण अजून आहे. नवा डॉक्टर भेटला की विचारतो, हे काय. मी लूममध्ये बोट सापडलं म्हणून सांगतो. भिवंडीच्या माणसाचं हे कोणालाही पटतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न होऊन अंबाडीला गेली आणि बोलण्या-चालण्यात पुरती तिकडचीच झाली. आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती लेक मंगलताई कल्याणला दिलेली, त्यामुळे नाक्यापासून थोड्या आत असलेल्या त्या कौलारू घरात आत्या आणि तिचे दोन पोपट एवढीच माणसं. माणसं हा शब्द तिचा. नराच्या गळ्याला काळी-गुलाबी कंठी होती आणि तो मान तिरकी करून समोरच्याचं बोलणं असं ऐकायचा की याच्या कचेरीत आपलं काम अडलंय असं वाटावं, म्हणून त्याचं नाव भाऊसाहेब. मादीला कंठी नव्हती, ती वहिनी. दोघांनाही आत्या अहोजाहो करायची. 'अहो भाऊसाहेब, सरका जरा, वहिनींना बसू द्या.' ते एका शब्दानेही बोलत नसत, आणि आत्याला त्याचं काही वाटत नसे. बोलायला घरात मी हाय की, म्हणायची. ती जेवायला बसली की पिंजरा तिच्या ताटाशेजारी पाटावर यायचा. आधी घास ती स्वतः खाणार, चावून दाखवणार, मग त्यातलंच थोडं आत देणार. आम्ही याला म्हातारीचे लाड म्हणायचो आणि हसायचो.

आता देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि योग्यच आहे. तेव्हा गल्लीत दर चार घरांआड एक पिंजरा टांगलेला असायचा आणि त्यात कोणाला काही वावगं दिसायचं नाही. हे सांगून टाकलेलं बरं, नाहीतर नातू हे वाचून पोलिसांना फोन करील. तो तसा आहे.

ठाण्याच्या इस्पितळात आत्याला भेटायला मी आणि आई गेलो होतो. आत्याच्या पायाला वजन लटकवलेलं. आई डॉक्टरांना शोधायला बाहेर गेली तशी आत्याने मला खूण करून जवळ बोलावलं.

"पोपट आणलेस का घरी?"

"कालच आणले."

"खातात का?"

"खातात," मी म्हणालो. काल रात्री त्यांनी पेरूची एक फोड चिवडली होती, त्याला मी खाणं म्हटलं.

"हे बघ, तुला सांगते, तुझ्या बापाला सांगू नको. मंगल म्हणते, आता कल्याणलाच राहा. जावई बी म्हणतात. चांगली हायत दोघं, वाईट न्हाय. पण तिसऱ्या मजल्यावर बसून मी काय करू? मला माझ्या घरी जायचंय."

"मग सांग ना तसं."

"तसं सांगून म्हातारीचं ऐकतं कोण? मी त्यांना सांगितलंय, माझी दोघं वाट बघतायत, त्यांना कोण बघणार? जावयांना पिसांनी दमा लागतो, तिथं पिंजरा चालायचा न्हाय. म्हणून मला अंबाडीला जायलाच पाहिजे. आता आलं ध्यानात?" आणि माझा हात धरून म्हणाली, "ती दोघं गेली ना, तर माझ्याकडं दुसरं कारण न्हाय."

बारावीला मी इंग्रजीत राहिलो होतो. घरात रिकामा वेळ असलेला मी एकटाच, त्यामुळे पोपट आपोआप माझ्या वाट्याला आले.

आमचं घर निजामपुऱ्याच्या एका गल्लीत, पुढे एक खोली, मधे स्वयंपाकघर, मागे एक खोली, आणि मागच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून इस्माईलभाईंचा लूमचा कारखाना. उजवीकडे कारखाना, समोर कारखाना, गल्लीच्या तोंडाशी कारखाना. खटाखट दिवसाही चालू आणि रात्रीही. भिंतीला टेकून बसलं तर पाठीतून दात वाजायचे. बाहेरून आलेला पाहुणा म्हणायचा, तुम्ही इथे राहता कसे, आणि आम्ही म्हणायचो, काय म्हणालात? कारखान्यात तर कानाशी तोंड नेलं तरी ऐकू जात नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली की जेवण. मनगटावर बोट आपटलं की शिफ्ट संपत आली. आडवा तळहात हळूहळू खाली दाबला की थांब, हलू नको. गल्लीतल्या पोरांना ही भाषा बाराखडीच्या आधी यायची. दादा तर एका कारखान्यात मेहता होता, म्हणजे माल आणि हिशेब बघणारा, त्यामुळे तो घरीही आईकडे हातानेच चहा मागायचा. बाबांना ते अजिबात आवडत नसे. ते कचेरीत कारकून, शुद्ध बोलणारे. "तोंड आहे ना? मग तोंडाने माग," म्हणायचे, आणि ते त्यांना ओरडून म्हणावं लागायचं.

जेवणंही आमच्या घरी शिफ्टनेच व्हायची. बाबा कचेरीतून आले की लगेच एकटे जेवून पेपर उघडायचे. दादाची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, तो येईल तेव्हा त्याचं ताट झाकलेलं. मी भूक लागेल तेव्हा, उभ्यानेच, पातेल्यातून. आई सगळ्यात शेवटी, स्वयंपाकघरात पाटावर, आमच्याकडे पाठ करून. यात कोणाचं भांडण नव्हतं. तसंच होतं, एवढंच.

मला फक्त ती दोघं जिवंत ठेवायला सांगितलं होतं. पण नुसतं जिवंत ठेवण्यात माझं नाव कुठे होणार? मी ठरवलं की आत्या परत येईल तेव्हा दोघं माझ्या हातावर बसलेली असतील आणि एकसुरात म्हणतील, 'आत्या, आलीस?' हे कोणीही मागितलेलं नव्हतं. पिंजऱ्यात तळातून हात घालणं सोपं पडतं असं मला वाटलं, म्हणून पत्र्याचा तळ घट्ट धरून ठेवणारी तार मी काढून टाकली. ही तार लक्षात ठेवा. रोज सकाळी मी तळ सरकवायचो, हात आत घालायचो, आणि भाऊसाहेब शांतपणे, मान तिरकी करून, माझं बोट तपासायचे. मग चावायचे. चावून झालं की वहिनींकडे बघायचे आणि वहिनी त्यांच्या मानेवरची पिसं विंचरून द्यायच्या. मला तर ते चावल्याचं बक्षीसच वाटायचं. बोटाला चिंधी बांधून मी पुढचा धडा घ्यायचो, 'आत्या, आलीस', 'आत्या, आलीस', लूमच्या वर आवाज चढवून. डावीकडच्या घरातली बाई एकदा येऊन आईला विचारून गेली की तुमच्याकडे रोज कोण येतं.

खाणं मात्र वाढत नव्हतं. आई भिजवलेली हरभरा डाळ, मिरची, मक्याचं कणीस ठेवायची, दोघं थोडं चिवडायची आणि आपापल्या कोपऱ्यात, म्हणजे एकाच कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून बसायची.

तेव्हा मी बाजारातल्या पाखरंवाल्याकडे गेलो. रंगवलेल्या चिमण्या विकणारा माणूस, पण बोलण्यात विलक्षण खात्री. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जोडी है ना? तो कभी नहीं बोलेंगे. आपस में बात हो जाती है, तुमसे काहे को बोलें? अलग करो दोनों को."

"बूढ़े हैं," मी म्हणालो.

"तो और जल्दी अलग करो."

मला ते शास्त्रीय वाटलं. शनिवारी सकाळी मी एक जुना पिंजरा मागून आणला, वहिनींना त्यात घालून मागच्या खोलीत ठेवलं, भाऊसाहेब पुढच्या खोलीत. आई म्हणाली, "अरे, कशाला?" मी म्हणालो, "तुला यातलं कळत नाही." हे वाक्य मी आयुष्यात ज्या ज्या वेळी उच्चारलं, त्या त्या वेळी पुढे काय झालं हे एकत्र लिहून काढायचं म्हटलं तर वेगळं पुस्तक होईल.

त्या आठवड्यात भाऊसाहेब पिसं फुगवून एका पायावर बसून राहिले. मधूनच चोच उघडायची, लूमच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, पुन्हा मिटायची. मी आईला सांगितलं की त्यांचं चित्त एकाग्र होतंय. मागच्या खोलीत वहिनी छातीवरची पिसं उपटून तळावर टाकत होत्या. मी म्हणालो, पिसं झडायचा हंगाम असतो. बुधवारपर्यंत डाळ होती तशी निघायला लागली. गुरुवारी दादा शिफ्टवरून आला, पिंजऱ्यात वाकून बघितलं, आणि हातानेच मला विचारलं, हा मेला का? मी हातानेच सांगितलं, तुझं काम कर. पण मग मला झोप आली नाही. मंगलताईंचा तिसरा मजला दिसायला लागला, आणि तिथल्या खिडकीशी काठी घेऊन बसलेली आत्या.

शुक्रवारी भिवंडीची वीज जायची, लूम बंद. आठवड्यातून त्या एका दिवशी गावाला पुन्हा कान यायचे. चमचा पडला तरी दचकायला व्हायचं, लोक हळू बोलायचे, आणि दारं सताड उघडी टाकून ओट्यांवर बसायचे. त्या शुक्रवारी दुपारी मी पुढच्या खोलीत चटईवर पडलो होतो. भाऊसाहेबांनी नेहमीसारखी चोच उघडली, आणि या वेळी आवाज आला, लांब, चिरका. मी उठून बसलो. बोलणार, असं वाटलं. आणि मागच्या खोलीतून तसाच आवाज आला. मग पुढून. मग मागून. मग दोघांनी असा काही गलका मांडला की शेजारची बाई दारात आली. मी आनंदाने स्वयंपाकघरात धावलो, म्हणालो, "आई, बोलायला लागले."

आई दोन्ही आवाजांच्या बरोबर मधे तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं.

"बोलायला कसले लागतात. आठवडाभर लूमच्या आवाजात एकाचं दुसऱ्याला ऐकूच गेलं नाही रे. ते समजले असतील, मेलं दुसरं." आणि पदराला हात पुसत, "ऊठ. आत्ताच्या आत्ता एकत्र कर त्यांना. की मी करू?"

मी घाईने पुढच्या खोलीत गेलो आणि स्टुलावरचा पिंजरा उचलला. तार मीच काढलेली होती. पिंजरा माझ्या हातात आला, तळ स्टुलावरच राहिला, आणि तळावर भाऊसाहेब. क्षणभर त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी बिनतळाचा पिंजरा हातात धरून त्यांच्याकडे. मग ते स्टुलावरून उतरले, चालत चालत दारापर्यंत गेले, एखादा माणूस चप्पल शोधतो तसे इकडेतिकडे बघितले, आणि उडाले. किती वर्षांनी उडत होते कोण जाणे. भिंतीला घासत, पडता पडता वर जात, समोरच्या कारखान्याच्या पत्र्यावर जाऊन आदळले.

आम्ही वहिनींचा पिंजरा घेऊन लोखंडी जिन्याने गच्चीवर गेलो. त्या ओरडत होत्या, भाऊसाहेब उत्तर देत होते, पण आवाज पत्र्यांवर आपटून भलतीकडूनच ऐकू यायचा, आणि ते एकेक छप्पर करत उलटे लांब जात होते. दोन कावळे मागे लागले. थोड्या वेळाने ते दिसेनासेच झाले, नुसता आवाज यायचा. दादा झोपेतून उठून आला. म्हणाला, "आवाज येतोय तोवर ठीक आहे. पण पाचला लाईट येईल."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लाईट आली की लूम सुरू, आणि मग वहिनी कितीही ओरडल्या तरी काय. दादा खाली पळाला. इस्माईलभाई कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. वरून मला सगळं ऐकू येत होतं, शुक्रवार ना.

"इस्माईलभाई, आज थोड़ा देर से चालू करो ना. हमारा तोता उड़ गया है."

"मैं तो रुक जाऊँ, मेहताजी. पर मेरे अकेले के रुकने से क्या होगा? पूरी गल्ली चालू होगी."

"फिर भी."

"ठीक है. मैं नहीं चालू करता."

आणि त्यांनी खरोखर चालू केला नाही. त्याने काडीचाही फरक पडला नाही. पाचच्या सुमारास आधी दूर कुठेतरी एक लूम खटकला, मग शेजारी, मग सगळीकडून एकदम तो आवाज उठला आणि वहिनी चोच उघडून राहिल्या. त्यांचा आवाज माझ्या मांडीजवळ असूनही मला ऐकू येत नव्हता. मी पिंजऱ्याला धरून बसलो. आत्याला काय सांगायचं याचा मी मनात मसुदा करत होतो आणि पहिलंच वाक्य सुचत नव्हतं.

बाबा कचेरीतून आले तेव्हा घरात कोणी नव्हतं. ते गच्चीवर आले. काय झालं ते आईने त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. आता माझी पूजा बांधली जाणार असं वाटलं, पण बाबांनी नुसतं पत्र्यांच्या त्या लांबलचक रांगेकडे बघितलं आणि माझ्याशेजारी टेकले. आईला खाली जायचं नव्हतं, कठड्यावर बोका बसलेला. दादाला जायचं नव्हतं. बाबांना भूक लागलेली. मग दादाने बोका हाकलला आणि आईच खाली जाऊन जेवण वर घेऊन आली, तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, कांदा आणि मिरच्या. पिंजरा मधे ठेवून आम्ही चौघं त्याच्याभोवती बसलो, कारण पिंजरा सोडून लांब बसायची कोणाची छाती नव्हती. आम्ही चौघं एका वेळी जेवायला बसल्याचं मला त्याआधीचं काही आठवत नाही. लग्नाकार्यात बसलो असू.

जेवायची इच्छा मला नव्हती. आईने डोळे वटारले म्हणून घास घेतला. आणि खाली बघितलं तर वहिनी गजाशी आल्या होत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी चावलं. त्यांनी चोच हलवली. मी भाकरीचा तुकडा गजातून आत दिला आणि तो त्यांनी पायात धरून खाल्ला, सगळा. बुधवारपासून डाळीला न शिवलेल्या वहिनी. आईने माझ्याकडे बघितलं. मला अंबाडीचा तो पाट आठवला, शेजारचं ताट आठवलं, आणि त्याला आम्ही काय म्हणायचो तेही आठवलं.

दादाने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. तिसऱ्या छपरापलीकडे पाण्याच्या टाकीवर एक लुंगीवाला कारागीर उभा होता. शिफ्टवर जायच्या आधी वर आला असणार. त्याने आमच्याकडे हात केला, मग बोट खाली, आमच्या आणि त्याच्या मधल्या पत्र्याच्या पन्हळीकडे. तिथे आहे. मग पाचही बोटं जुळवून तोंडाशी नेली, दोनदा, तीनदा. खा. खात राहा.

आम्ही खात राहिलो. इतकं मन लावून आम्ही कधी जेवलो नसू. मी चौथी भाकरी घेतली. कारागिराचा हात सरकत होता, आता आढ्यावर, आता वायरीवर. मग त्याचा तळहात आडवा झाला आणि हळूहळू खाली गेला. हलू नका. ती खूण मी बघितली, दादाने बघितली, आणि मी बाबांना सांगायला वळलो तर बाबांनी माझ्याकडे न बघताच मांडीशी आपला तळहात आडवा धरला होता आणि मला खाली दाबत होते. म्हणजे बाबांना येत होतं सगळं. इतकी वर्षं.

भाऊसाहेब कठड्यावर उतरले. शेपटीचं एक पीस मोडलेलं, छाती धपापत होती. कठड्यावरून खाली उडी, मग चालत, सरळ बाबांच्या ताटापाशी. वहिनी गजाला धरून ताठ. बाबांच्या हातात घास तसाच. भाऊसाहेबांनी मान तिरकी करून बाबांकडे बघितलं, बाबांनी त्यांच्याकडे, एका कचेरीतल्या माणसाने दुसऱ्या कचेरीतल्या माणसाकडे बघावं तसं. मग बाबांनी घास तोंडात घातला आणि चावून दाखवला. भाऊसाहेबांनी ताटातली मिरची उचलली. ती त्यांनी खाल्ली नाही. ती घेऊन ते पिंजऱ्याशी गेले आणि गजातून वहिनींना दिली. आईने पुढे होऊन पिंजऱ्याचं दार उघडलं, पुरता हात लांब करून, आणि ते आपले आपण आत गेले. दार मी लावणार होतो. दादाने माझा हात धरून बाजूला केला आणि स्वतः लावलं.

टाकीवरच्या माणसाने मनगटावर बोट आपटलं आणि शिफ्टला निघून गेला. त्याचं नाव मला कधी कळलं नाही.

त्या दिवसापासून संध्याकाळी पिंजरा पुढच्या खोलीत पाटावर येऊ लागला आणि आम्ही त्याच्यासमोर बसू लागलो, कारण तसं केल्याशिवाय दोघं खात नसत. बाबा पेपर जेवणाआधी वाचून संपवू लागले. दादाची शिफ्ट असली तर तो तेवढ्यापुरता येऊन बसून जायचा, आणि आई पाठ करून बसायची सोडून आमच्याकडे तोंड करून बसायला लागली, कारण वहिनींना तिचं तोंड दिसायला हवं. माझं शिक्षणकार्यही पुन्हा सुरू झालं, तळाला तार बांधून. आता मी बोलायचं शिकवत नव्हतो. मिरचीचा तुकडा भाऊसाहेबांना दाखवला की ते चावायचे. एकदा चुकून मी तो वहिनींना दिला, तर भाऊसाहेब येऊन माझ्या मनगटावर बसले. मी पुन्हा करून बघितलं. काम भाऊसाहेबांनी करायचं, मजुरी वहिनींना द्यायची. वहिनींना हातावर घ्यायचं असेल तर मिरची भाऊसाहेबांना. हे मला कोणत्याही पाखरंवाल्याने सांगितलं नव्हतं. त्याच्याकडे मी पुन्हा गेलोही नाही.

हाड जुळल्यावर आत्या काठी टेकत आमच्याकडे आली, तिच्यासोबत मंगलताई. मंगलताईंचं आल्यापासून एकच, "आई, अजून विचार कर. पोपट काय, मामाकडे मजेत आहेत. राहू दे इथेच."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हीच वेळ. मी पिंजरा उघडला, वहिनींना मिरची दिली, आणि मनगट पुढे केलं. भाऊसाहेब बाहेर आले, माझ्या मनगटावरून चालत गेले, एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जावं तसे आत्याच्या काठीवर चढले, तिथून तिच्या खांद्यावर, आणि जाता जाता मला चावून गेले. तर्जनीवरची खूण ती हीच. इतकी शिकवणी होऊन. मागून वहिनीही गेल्या.

"बघितलंस?" आत्या मंगलताईंना म्हणाली. "माझी माणसं थांबलीत."

मंगलताईंनी तिला खुर्ची ओढून दिली. संध्याकाळी पान वाढलं, पिंजरा पाटावर आला, आम्ही सगळे भोवती बसलो. आत्या एकेकाकडे बघत होती.

"तुम्ही कधीपासून एकत्र जेवायला लागलात रे?"

"हे जेवत नाहीत त्याशिवाय," बाबा म्हणाले आणि पहिला घास भाऊसाहेबांसमोर धरून, तोंडात घालून, चावून दाखवला. आत्या पदरात तोंड लपवून हसली, हसता हसता तिच्या पायातून कळ आली.

दुसऱ्या दिवशी दादाने टेम्पो बघितला आणि आम्ही तिला आणि पिंजऱ्याला अंबाडीला सोडून आलो. पुढे ती तिथेच राहिली, बरीच वर्षं.

त्या संध्याकाळी घरी परत आलो तर आईने ताटं पुढच्या खोलीतच मांडली होती. कोणी कोणाला हाक मारली नव्हती. बाबा पेपर मिटून आले, दादा आला, मी आलो, आई आमच्याकडे तोंड करून बसली. मधे पाट रिकामा. बाबांनी पहिला घास उचलला, सवयीने पाटासमोर धरला, आणि तसाच धरून राहिले. मला हसू फुटलं. ते ऐकू गेलं नसणार, बाहेर लूम चालू होते, पण त्यांनी बघितलं. मग त्यांनी घास तोंडात घातला, नीट चावून आम्हाला दाखवला, आणि पाचही बोटं जुळवून आम्हा तिघांना खूण केली, जेवा.